दोन इंचांची वाटणी

"मॅडम, तुमची भिंत मधी बोलली."

फोनवरचा माणूस असं म्हणाला तेव्हा मला वाटलं, माझ्याच ऐकण्यात चूक झाली. मागे शॉपफ्लोअरवर मशिन चालू होतं. मी पायानं केबिनचं दार लोटलं आणि पुन्हा विचारलं, "काय झाली?"

"बोलली! पाव्हण्यांसमोर बोलली. पोरीचं ठरत आलेलं लगीन मोडायला आलंय. तुम्ही आत्ताच्या आत्ता या आन् तुमची ती भिंत घेऊन जा."

फोन करणारे होते गारखेड्याचे अंबादासराव गाडेकर. त्यांच्या घरात आमची भिंत लागून जेमतेम महिना झाला होता.

आधी आमच्या भिंतीविषयी सांगते. चिकलठाण्याच्या एमआयडीसीत मी एका पॅनल बनवणाऱ्या कारखान्यात टेक्निकल सर्व्हिसला होते. म्हणजे माल विकायचा दुसऱ्यानं आणि तक्रार आली की जायचं मी. आम्ही सँडविच पॅनल बनवायचो. नाव खाण्याचं असलं तरी वस्तू बांधकामाची. दोन्ही बाजूंना रंगवलेला पातळ पत्रा आणि मध्ये कडक फोम. या फोमला पफ म्हणतात. दोन पत्र्यांच्या मधे हे रसायन सोडलं की ते फुगतं, पत्र्यांना घट्ट चिकटतं आणि वाळून टणक होतं. मीटरभर रुंद आणि माणसापेक्षा उंच असा तयार तुकडा कारखान्यातूनच निघतो. एका तुकड्याच्या कडेला जीभ असते, दुसऱ्याच्या कडेला खाच. जीभ खाचेत बसवत गेलं की भिंत तयार. वीट नाही, पाणी मारणं नाही.

आमचं गिऱ्हाईक म्हणजे कोल्ड स्टोरेज, औषधांच्या कंपन्या, साइट ऑफिसं. राहत्या घरात पॅनलची भिंत घालणारं गाडेकरांचं घर पहिलंच. ही ऑर्डर आणली आमच्या सेल्सच्या बनसोडेनं. बनसोडे माणूस गोड. गिऱ्हाईकानं "यात विमान बसेल का?" असं विचारलं असतं, तर त्यानं "कुठलं बसवायचंय?" असं उलट विचारलं असतं.

गाडेकर मूळचे शेतकरी. शेती अजून होती, पण घर आता गारखेड्यात, दोघा भावांचं एकत्र. थोरले रंगनाथराव, धाकटे अंबादासराव. दोघांची तोंडं दोन वर्षांपासून एकमेकांना बंद. मधला मोठा हॉल कुणाचा, यावरून रोज कुरबुर. शेवटी हॉल मधोमध वाटायचं ठरलं. मिस्त्री आला आणि म्हणाला, नऊ इंची भिंत घालू. तिथं घोडं अडलं. नऊ इंच म्हणजे प्रत्येकाची साडेचार इंच जागा जाणार. थोरले म्हणाले, त्याच्या बाजूनं घ्या. धाकटे म्हणाले, त्यांच्या बाजूनं घ्या. मिस्त्री दोनदा येऊन परत गेला. तिसऱ्यांदा आलाच नाही.

तेवढ्यात बनसोडे कुठून तरी तिथं पोचला. आमचं पॅनल पन्नास एमएमचं, म्हणजे दोन इंची. एक इंच तुमचा, एक इंच त्यांचा. दोघांना पटलं. मग थोरल्यांनी विचारलं, "याचा आवाज तर येणार नाय ना इकडं?"

बनसोडेनं नमुन्याचा तुकडा काढला, बोटानं वाजवला आणि म्हणाला, "साउंडप्रूफ आहे, काका."

झालं ते इथंच.

अंबादासरावांचा फोन ठेवून मी आमच्या प्लँट मॅनेजरकडे गेले. सय्यद साहेब. जन्म शहागंजातला, आयुष्य एमआयडीसीत गेलेलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढला.

"मॅडम, भींत बोली बोलते?"

"हो, सर."

"क्या बोली?"

"ते जाऊन बघते."

"जाव, देखो. मगर माल वापस नक्को लाव. कटा हुआ पॅनल मैं किसको देऊंगा?"

मी फिटर सलीमला बरोबर घेतलं आणि गारखेड्याला गेले. अंबादासराव फाटकातच उभे होते. पन्नाशीचे, अंगानं भरलेले, रागानं लाल झालेले. आत गेल्यावर त्यांनी मला सोफ्यावर बसवलं आणि समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे बोट केलं, जसं काही ती पिंजऱ्यातली आरोपी.

घडलं होतं ते असं. अंबादासरावांची मुलगी शीतल, बी. फार्म झालेली. जालन्याचं स्थळ आलं होतं. मुलगा डेअरीत सुपरवायझर. मुलाचे आजोबा, वडील आणि मध्यस्थ बैठकीला आले. पोहे झाले, चहा झाला. मुलगी पसंत. मग आजोबांनी सहज विचारलं, "तुमचे थोरले बंधू दिसले नायत?"

अंबादासराव म्हणाले, "ते बाहेरगावी असत्यात."

तेवढ्यात भिंतीतून आवाज आला, "इथंच हाये मी!"

आजोबांच्या हातातली बशी कलंडली. ते भिंतीलाच पाठ लावून बसले होते. मग पाहुणे उठले आणि "कळवतो" म्हणून निघून गेले.

मला हसू येत होतं. पण दाराशी शीतल उभी होती आणि तिचे डोळे रडून सुजले होते. मी हसू गिळलं.

"मी जरा पलीकडे जाऊन येते," मी म्हणाले.

पलीकडे जायला फाटकाबाहेर जाऊन दुसऱ्या दारानं आत यावं लागायचं. रंगनाथराव साठीचे, किडकिडीत, शांत. भिंतीपासून वीतभर अंतरावर त्यांची आरामखुर्ची. हातात पेपर.

"काका, तुम्ही मध्येच बोललात म्हणे."

"मी बोललो नाय. उत्तर दिलं. माझं नाव निघालं, मी हजर व्हतो. हजर माणसानं गप बसायचं काय?"

"पण मुलीच्या लग्नाची बोलणी होती."

ते जरा चुळबुळले. "पोरीचं वाईट व्हावं आसं माझ्या मनात नाय, ताई. तिला मी खांद्यावर घेऊन फिरवलंय. पण मला जित्तेपणी बाहेरगावी घालवतो काय? आन् ह्यो आवाज येतोच कसा? तुमचा माणूस तर म्हणला व्हता, काय बी ऐकू येणार नाय. रोज सकाळी त्याचं घसा खाकरणं मला ऐकावं लागतं."

म्हणजे तक्रार दोन्ही बाजूंची होती.

वाचकांना एक गोष्ट सांगायला हवी. पफ उष्णता अडवतो. बाहेर ऊन असलं तरी आतलं आइस्क्रीम वितळत नाही. पण आवाजाचं गणित वेगळं. आवाज अडवायला वजन लागतं. नऊ इंची भिंत आवाज अडवते, कारण ती जड असते. आमचं पॅनल दोन माणसं उचलून जिन्यानं वर नेतात. ते आवाज काय अडवणार? उलट पातळ पत्रा ढोलकीच्या कातड्यासारखा थरथरतो. हे मला माहीत होतं. बनसोडेलाही माहीत असायला हवं होतं.

तरीही आवाज इतका स्वच्छ यायला नको होता. कुठून येतो ते शोधायला हवं होतं. त्यासाठी एकानं एका बाजूला साध्या आवाजात बोलायचं आणि मी दुसऱ्या बाजूला भिंतीच्या कडेकडेनं ऐकत जायचं. मी सलीमला पलीकडे उभं केलं आणि स्वतः अंबादासरावांच्या बाजूला आले. अंबादासरावांनी लगेच हरकत घेतली.

"तुमचा माणूस हळूच बोलणार. नाय चालणार. जो बोलला त्यालाच बोलू द्या."

मी पुन्हा फाटकाबाहेरून पलीकडे गेले. "काका, तुम्ही बोला."

"काय बोलू?"

"काहीही. रोज बोलता तसं."

"त्याच्याशी मी बोलत नाय."

"त्यांच्याशी नका बोलू. भिंतीशी बोला."

त्यांनी पेपर घडी करून ठेवला. मी परत अलीकडे आले आणि भिंतीला कान लावला. माझ्या ऐकण्यावर विश्वास नव्हता, म्हणून अंबादासरावांनीही शेजारी कान लावला.

"भिंते," पलीकडून आवाज आला. स्वच्छ, शेजारी बसून बोलावं तसा. "तुझ्या पलीकडं एक माणूस राहतो. त्याला सांग, पत्रिका प्रेसवाल्यानं छापली. मी नाय छापली."

अंबादासराव माझ्याकडे वळले. "आलं ऐकू?"

"आलं."

"मग लिहून घ्या." आणि माझं लिहून व्हायच्या आत ते भिंतीच्या अगदी जवळ गेले. "भिंते, तिकडं विचार, प्रूफ कुणी वाचलं व्हतं? मामाचं नाव वर आन् सख्ख्या भावाचं खाली?"

अशा रीतीनं मला भांडणाचं कारण कळलं. रंगनाथरावांच्या मुलाच्या लग्नपत्रिकेत निमंत्रकांच्या यादीत अंबादासरावांचं नाव मामाच्या खाली गेलं होतं.

"भिंते, मामा वयानं मोठा हाये!"

"भिंते, मांडव काय मामानं घातला व्हता? आचारी कुणी आणला? जनरेटर कुणी आणला?"

"भिंते, त्याला म्हणावं, जनरेटर बंद पडला व्हता!"

मी मधे पडले. "जरा साध्या आवाजात बोला. असं ओरडल्यावर मला काही मोजता येणार नाही."

"ह्योच साधा हाये आमचा!" दोन्ही बाजूंनी एकदम उत्तर आलं. दोन वर्षांत दोघांचं एकमत झालं ते बहुधा पहिल्यांदाच.

तेवढ्या गडबडीतही मला गळती सापडली. आवाज पॅनलमधून येत होता, पण त्याहून जास्त वरून येत होता. हॉलला पीओपीचं खोटं छत होतं. आमच्या लोकांनी भिंत त्या छतापर्यंतच नेली होती. छताच्या वर, खऱ्या स्लॅबपर्यंत हातभर पोकळी, आणि ती दोन्ही बाजूंना मोकळी. आवाज वर चढायचा, पोकळीतून पलीकडे जायचा आणि आरामात खाली उतरायचा. भिंत मधे उभी होती ती फक्त दिसायला.

हे मी अंबादासरावांना समजावून सांगत होते, इतक्यात त्यांचा फोन वाजला. मध्यस्थ होता. त्याला कमी ऐकू येत असावं, कारण त्याचं बोलणं फोनच्या बाहेर सगळ्यांना ऐकू येत होतं. मुलाकडच्यांना मुलगी पसंत आहे. पण आजोबा म्हणतात, थोरले घरात असून बाहेरगावी सांगता, म्हणजे काहीतरी पाणी मुरतंय. रविवारी पुन्हा येतो. थोरले बैठकीत बसले तर पुढं बोलू, नाहीतर राम राम.

फोन बंद झाला. मग भिंत बोलली.

"यायला मला काय पाय नायत? पण बोलवायला तोंड लागतं."

अंबादासराव सोफ्यावर बसले होते ते तिथूनच म्हणाले, "भिंते, घर त्याचंच हाये. घरच्याला कुणी बोलवत नसतं."

"भिंते, घर त्याचं आसतं तर मधी तू कशाला आसती?"

अंबादासरावांनी फोन उलटा करून टेबलावर ठेवला.

मी माझं काम पुढे चालू केलं. उपाय होता. भिंतीला चिकटून दुसरी भिंत, या वेळी रॉकवूलची. रॉकवूल म्हणजे दगड वितळवून काढलेल्या तंतूंची जड गादी. ती थेट स्लॅबपर्यंत न्यायची, फटी बुजवायच्या. आवाज बऱ्यापैकी थांबेल. मी हे दोघांनाही ऐकू जाईल असं, हॉलच्या मध्याकडे तोंड करून सांगितलं. एकदा सांगितलं की पुरत होतं.

"किती जागा जाईल?" अंबादासरावांनी विचारलं.

"चार इंच."

"कुणाच्या बाजूनं?" हा प्रश्न भिंतीच्या दोन्ही बाजूंनी आला.

मी वही बंद केली.

निघताना शीतल माझ्यामागे फाटकापर्यंत आली. तिच्याबरोबर तिची आई आणि रंगनाथरावांच्या पत्नी पारूबाई. या दोघी जावा मागच्या दारानं दिवसभर येत-जात होत्या. पीठ, विरजण, मुलांच्या चड्ड्या सगळं इकडून तिकडे चालू होतं. अबोला फक्त पुरुषांचा.

"ताई, ही भिंत निघते का हो?" शीतलनं विचारलं.

"तक्रार आहेच ना तुमची. पण माझे साहेब माल परत घेणार नाहीत."

"परत नाही म्हणत मी. एका दिवसापुरती. रविवारी काढायची, सोमवारी लावायची."

"त्यानं काय होणार?" मी विचारलं.

"मोठे बाबा आमच्या दारात येणार नाहीत. पप्पा बोलवणार नाहीत. पण भिंतच नसली तर कुणाला कुठं जायची गरज काय? मोठे बाबा त्यांच्या खुर्चीत बसतील. पप्पा आपल्या सोफ्यावर. पाहुण्यांना एकच हॉल दिसेल."

पारूबाई म्हणाल्या, "तेवढं करा बाई. ह्यांना मी बघते."

काढून पुन्हा लावता येईल का, असं विटांच्या भिंतीबद्दल विचारलं असतं तर मी हसले असते. पण आमच्या पॅनलमध्ये तीच तर सोय आहे. खाली जमिनीवर पत्र्याची पन्हळ असते, तिला चॅनेल म्हणतात. वरही तसंच, पण जरा खोल. पॅनल वर उचलायचं, खालची कड चॅनेलमधून सोडवायची आणि तिरकं करून बाहेर काढायचं. एका टोकापासून सुरुवात केली की एकेक निघत जातं. अशा सहा तुकड्यांची भिंत होती. सलीम म्हणाला, तासाभराचं काम.

सय्यद साहेबांना विचारायला मात्र मला धीर गोळा करावा लागला. त्यांनी ऐकलं आणि हातातलं पेन खाली ठेवलं.

"लडकी का मामला है?"

"हो, सर."

"तो निकालो. सोमवार को लगा देव. मगर एक भी पॅनलपर खरोंच आई, तो वो मैं बनसोडे के बेडरूम में लगाऊंगा."

रविवारी सकाळी आम्ही पोचलो. मी स्वतः गेले, कारण काही बिघडलं तर सलीमवर ढकलणं मला जमलं नसतं. बनसोडेलाही नेलं, पॅनल उचलायला. तो सबंध वेळ एक शब्द बोलला नाही. मी त्याला तशी ताकीदच दिली होती.

एकेक पॅनल निघत गेलं. आम्ही ती घराच्या बाजूच्या बोळात उभी केली आणि वर सतरंज्या टाकल्या. शेवटचं पॅनल निघालं तेव्हा रंगनाथराव आरामखुर्चीत पेपर तोंडासमोर धरून बसले होते. अंबादासराव सोफ्यावर छताकडे बघत होते. दोघांच्या मधे फक्त जमिनीवरचं चॅनेल, आडवी चकचकीत रेघ. ते स्क्रूनं फरशीत बसवलेलं, काढलं तर फरशीला भोकं दिसली असती. म्हणून राहू दिलं.

आम्ही निघणार, तोच फाटकाशी जीप थांबली. पाहुणे वेळेच्या आधीच आले.

"बाहेर जाऊ नका," शीतलची आई कुजबुजली. "बोळाकडं कुणाचं लक्ष जाईल. बसा इथंच."

म्हणून मी, सलीम आणि बनसोडे रंगनाथरावांच्या बाजूला खुर्च्यांवर बसलो. सलीमच्या हातात ड्रिल मशिन. तेही लपवायला वेळ मिळाला नाही.

सगळ्यात आधी आजोबा आत आले. फेटा, काठी, बारीक डोळे. दारातच थांबले. हॉलभर नजर फिरवली. मग सावकाश चालत गेले आणि मागच्या वेळी बसले होते तिथं येऊन उभे राहिले. पाठीमागे हात नेऊन त्यांनी भिंत चाचपली. हात हवेत फिरला.

"मागच्या बारीला इथं भिंत व्हती."

अंबादासराव म्हणाले, "व्हती. पण काढली. टाइल्सचं काम चाललंय. ह्या इंजिनिअर मॅडम."

आजोबांनी माझ्याकडे बघितलं. "कुठली टाइल बसवताय?"

"मोरबीची," मी म्हणाले. आयुष्यात मी एक टाइल बसवलेली नाही.

आजोबांचं समाधान झालं नाही. ते आरामखुर्चीकडे वळले. "तुम्ही थोरले?"

पेपर खाली आला. "व्हय. रंगनाथ."

"भिंत टाइल्ससाठी काढली म्हणत्यात. खरं का?"

स्वयंपाकघराच्या दारात दोघी जावा एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. शीतल चहा-पोह्यांचा ट्रे घेऊन आली होती. अंबादासरावांनी पहिल्यांदाच भावाकडे सरळ बघितलं. मागच्या वेळी या माणसानं तीन शब्दांत त्यांना उघडं पाडलं होतं. आज तर तोंडावर प्रश्न होता.

रंगनाथरावांनी चॅनेलकडे बघितलं. मग भावाकडे. मग चष्मा पुसला. त्यांना कसली म्हणून घाई नव्हती.

"टाइल्स व्हतीलच," ते म्हणाले. "पण भिंत काढायचं माझ्या डोक्यात आलं. घरात लगीन निघायचं म्हणल्यावर माणसं बसवायला जागा नको का?"

"आन् त्या दिवशी तुम्ही बाहेरगावी व्हता म्हणे?"

"निघालोच व्हतो. यश्टी चुकली."

बनसोडेनं माझ्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर शुद्ध कौतुक होतं. आपल्याहून वरचा माणूस भेटल्यावर होतं तसं.

अंबादासरावांना मात्र हे झेपलं नाही. त्यांचे डोळे भरून आले. काहीतरी करायला हवं म्हणून ते उठले, ट्रेमधला चहाचा कप उचलला आणि भावाला द्यायला निघाले. मधे चॅनेल होतं. त्यांच्या पायाचा अंगठा त्यात अडकला. ते स्वतः सावरले, पण चहा गेला तो थेट थोरल्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर.

"दोन वर्षांनी चहा पाजला," रंगनाथराव सदरा झटकत ओरडले, "तो बी अंगावर!"

आणि मग त्यांच्या लक्षात आलं, आपण काय बोललो.

आजोबांनी काठी खाली टेकवली. चॅनेलवरून काठीचं टोक एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत फिरवत नेलं. माझ्याकडे बघितलं, सलीमच्या ड्रिलकडे बघितलं. मी डोळे मिटून घेतले. गेलं स्थळ.

"भिंत किती जाड व्हती?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलण्यात आता अर्थ नव्हता. "दोन इंची," मी म्हणाले.

"एवढीच?" आजोबा खुर्चीत बसले आणि पोह्यांची बशी हातात घेतली. "आमच्या दोघा भावांच्या मधी नऊ इंची हाये. आन् तरी सगळं ऐकू येतं."

पहिल्यांदा हसले ते मुलाचे वडील. मग सगळेच हसले. पारूबाई तर पदर तोंडावर धरून आत पळाल्या. अंबादासराव तसेच चॅनेलच्या पलीकडे, म्हणजे भावाच्या हद्दीत उभे होते. त्यांना कुणी परत जा म्हणालं नाही. त्या बैठकीत ते तिकडेच बसले, माझ्या शेजारच्या स्टुलावर. तारीख त्याच दिवशी ठरली. पत्रिकेच्या मजकुराचा विषय निघाला, तेव्हा दोघं भाऊ एकदम म्हणाले, "प्रूफ दोघं बघू."

सोमवारी मी माणसं घेऊन भिंत लावायला गेले. रंगनाथरावांनी फाटकातूनच परत पाठवलं. "लगीन होऊ द्या. जागा लागंल." पॅनल लग्नापर्यंत बोळातच राहिली. लग्नात त्यांतली दोन आडवी टाकून आचाऱ्यानं त्यावर पुऱ्या लाटल्या, हे मी स्वतः डोळ्यांनी बघितलं. सय्यद साहेबांना सांगितलं नाही.

इथं गोष्ट संपली असती तर छान झालं असतं. पण लग्न उरकलं, पाहुणे गेले आणि पुढच्याच आठवड्यात रंगनाथरावांचा फोन आला.

"ताई, भिंत लावून टाका."

मी दचकले. "पुन्हा काही झालं का?"

"काय नाय झालं. याचा टीव्ही लई मोठा आसतो. आन् त्याला म्हणे माझ्या मोठ्यानं पेपर वाचायचा तरास होतो. भिंत बरी. पण मधी एक दार ठेवा."

आम्ही एका पॅनलच्या जागी दार बसवलं. कडी कुणाच्या बाजूला लावायची यावर अर्धा दिवस गेला. शेवटी कडीच लावली नाही. स्लॅबखालची पोकळी बंद करू का, असं मी विचारलं. दोघांनीही नको म्हणून सांगितलं. का, ते सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. आवाजाची तक्रार त्या घरातून पुन्हा कधी आली नाही. खरं तर दाराच्या फटीमुळे आता आवाज आधीपेक्षा जास्तच जात असणार.

बनसोडेनं या प्रकरणातून धडा घेतला, पण स्वतःच्या पद्धतीनं. पुढच्या गिऱ्हाईकांना तो सांगू लागला, "आमची भिंत लग्नकार्याला काढता येते, काका."

मी घेतलेला धडा साधा आहे. निवृत्त होईपर्यंत मी तो पाळला. कुणी साउंडप्रूफ भिंत मागितली की आधी विचारायचं, आवाज कुणाचा थांबवायचाय? मशिनचा म्हणाले, तर माप घ्यायचं. भावाचा म्हणाले, तर चहा प्यायचा आणि निघायचं.